त्रिरश्मीच्या भिंतीवरचे दानाचे हिशेब

आपल्या विहाराची स्मरणिका निघते तेव्हा तिच्या मागच्या पानांवर देणगीदारांची यादी छापली जाते. कोणी पंखा दिला, कोणी सतरंजी दिली, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ एकशे एक रुपये दिले. बहुतेक जण आधी ही यादीच उघडतात, आपले नाव नीट छापले आहे ना ते पाहतात आणि मग बाकीचा अंक चाळतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. अशीच एक यादी नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर दगडात कोरलेली आहे आणि ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. विहारातर्फे जी एक दिवसाची सहल नेण्यात आली, तीत सकाळी त्रिरश्मी लेणी आणि दुपारनंतर इगतपुरीचे धम्मगिरी विपश्यना केंद्र अशी दोन ठिकाणे होती. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी, आणि आल्या खऱ्या पण पोरांना सांभाळण्यात ज्यांचे ऐकायचे राहून गेले त्या माताभगिनींसाठीही, हा लेख लिहीत आहे.

प्रथम नावाविषयी. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना नाशिक शहर येण्याच्या अलीकडे हा डोंगर लागतो. रिक्षावाल्याला, बसवाल्याला "त्रिरश्मी लेणी" म्हटले तर काही जणांना पटकन कळत नाही. "पांडवलेणी" म्हटले की लगेच कळते. वनवासात पांडवांनी एका रात्रीत ही लेणी खोदली अशी गोष्ट लोक सांगतात. महाराष्ट्रात जिथे जिथे डोंगरात खोदकाम आहे तिथे तिथे ही एक रात्र सांगितली जाते. पांडवांनी इतक्या रात्री काढल्या कुठून, हा प्रश्न आपल्याच मुलांनी बसमध्ये विचारला! या नावाचा राग धरण्याचे कारण नाही. धम्म या भूमीवरून नाहीसा झाला, भिक्खू गेले, भिंतीवरची लिपी कोणाला वाचता येईना. मग माणसाने काय करायचे? जी गोष्ट माहीत होती ती त्याने तिथे नेऊन चिकटवली. पण आता लिपी वाचता येते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. त्यानंतर इथल्या लेखांवर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पंडित भगवानलाल इंद्रजी, फ्रेंच पंडित सेनार अशा विद्वानांनी काम केले. मराठीत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांचा मोठा ग्रंथ लिहून ठेवला आहे. तेव्हा आता अंदाज करत बसायचे कारण उरलेले नाही. डोंगराचे नावसुद्धा भिंतीवरच आहे. लेखांमध्ये त्याला तिरण्हु असे म्हटले आहे, त्याचेच संस्कृत रूप त्रिरश्मी.

लेण्यांना क्रमांक दिलेले आहेत ते १ ते २४. सगळी एका ओळीत, डोंगराच्या मध्यावर आहेत. पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. म्हातारी माणसे बसत-बसत येतात, पण येतात. २०२१ च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी पाण्याचा चर साफ करताना पुरातत्त्व खात्याला इथे आणखी लेणी सापडली. म्हणजे इतकी वर्षे लोक ज्या डोंगरावर जात-येत होते, त्याच डोंगराने आपले काही झाकून ठेवले होते.

सर्वांत जुने लेणे १९ क्रमांकाचे. आकाराने लहान, आणि लहान म्हणून लोक पुढे निघून जातात. तसे करू नये. तिथला लेख सांगतो की सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या श्रमणांच्या महामात्राने हे लेणे करविले. त्या काळी नाशिकमध्ये श्रमणांची व्यवस्था पाहणारा एक सरकारी अधिकारी होता, हे त्या एका ओळीतून कळते. आणि नाशिक हे नावही तेव्हापासूनचे.

सगळ्यांची पावले अडतात ती ३ क्रमांकाच्या लेण्यापाशी. ओसरीच्या खाली दगडात काही धिप्पाड पुरुष कोरले आहेत, अर्धे जमिनीत आणि अर्धे वर. जणू पालखी खांद्यावर घ्यावी तसे त्यांनी सगळे लेणे उचलून धरले आहे. दरवाजाची चौकट सांचीच्या तोरणाची आठवण करून देते. हे लेणे दान दिले गौतमी बलश्री या राजमातेने, आपला नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी, भद्रायणीय भिक्खुसंघाला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तोवर वारला होता. मुलगा गेल्यावर आईने त्याच्या पराक्रमाचे वर्णन दगडात कोरून घेतले. क्षहरातांचा वंश त्याने नामशेष केला असे ती अभिमानाने सांगते.

याच लेखात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आई आपल्या मुलाला एकमेव ब्राह्मण म्हणते आणि त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबविली हे त्याचे भूषण म्हणून सांगते. सातवाहन राजे बौद्ध होते असे भाषणात ऐकायला बरे वाटते, पण भिंत तसे म्हणत नाही. राजघराणे वैदिक आचाराचे होते आणि संघाला दान देणारेही होते. दोन्ही एकाच दगडावर आहे. इतिहास वाचायचा तर असा पूरा वाचावा. आपल्या सोयीचे तेवढे उचलले तर पांडवांची गोष्ट सांगणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

ओसरीतच गौतमीपुत्राचे दोन हुकूम कोरले आहेत आणि मला स्वतःला ते सर्वांत जास्त आवडतात. १८ व्या वर्षीच्या हुकमात राजा आपल्या गोवर्धनच्या अमात्याला कळवितो की पश्चिम काखडी गावातील २०० निवर्तने शेत, जे आजपर्यंत उषवदाताकडे होते, ते तिरण्हूच्या भिक्खूंना द्यावे. त्या शेतात सरकारी माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, शिपायांनी त्रास देऊ नये अशा सवलतीही दिल्या. छान झाले. पण सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. त्यात म्हटले आहे की पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि त्या गावात वस्तीच उरलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील सरकारी शेतापैकी १०० निवर्तने भिक्खूंना द्यावीत. दानपत्र हातात आहे, शिक्का आहे, आणि जमीन ओसाड! ज्यांच्या घरात महारवतनाचे कागद आहेत, ज्यांना भूमिहीन म्हणून कागदावर पट्टे मिळाले, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र इथे तक्रार वरपर्यंत पोहोचली आणि हुकूम दुरुस्त झाला. निम्मी का होईना, पण कसण्याजोगी जमीन मिळाली. दुसऱ्या हुकमात राजाबरोबर त्याच्या आईचेही नाव आहे हे विशेष.

हा उषवदात कोण? तो शक होता, क्षत्रप नहपानाचा जावई. गौतमीपुत्राने ज्याला हरविले तो हा नहपान. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. राज्य बदलले की नोटा बदलतात, तसेच ते. राज्यांची अशी उलथापालथ चालू असताना संघाचे दान मात्र चालू राहिले. एकाने दिले, दुसऱ्याने जिंकले, आणि जिंकणाऱ्यानेही दिलेच.

उषवदाताचे लेणे १० क्रमांकाचे. त्याने ब्राह्मणांनाही प्रचंड दाने दिली, तीन लाख गाई दिल्या, असे तो स्वतः सांगतो. ती संख्या आपण राजेलोकांच्या बोलण्यासारखी घ्यावी. पण भिक्खूंसाठी त्याने जी ठेव ठेवली तिचा हिशेब इतका चोख आहे की कुठल्याही पतपेढीच्या सचिवाने येऊन पाहावा. एकूण ठेव ३००० कार्षापण. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० ठेवले, दर महिना दर शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १००० ठेवले, शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

आमच्या मार्गदर्शक सरांनी तिथेच मुलांना गणित घातले. महिन्याला शंभराला एक, म्हणजे दोन हजाराला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे किती? दोनशे चाळीस! एक पैही इकडची तिकडे नाही. सातवीतल्या एका मुलीने हे सगळ्यांच्या आधी सांगितले आणि आयांनी टाळ्या वाजवल्या. राहिलेल्या १००० चे वर्षाला ९० येतात, ते इतर खर्चासाठी. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि फलकावर नोंदविण्यात आला, असेही लिहून ठेवले आहे. दान गुपचूप द्यावे म्हणतात ते ठीक, पण ठेवीचा हिशेब चारचौघांत वाचावा लागतो. आपल्या कार्यकारिणीनेही दरवर्षी वाचावा.

याच लेण्यात दुसरा एक लेख आहे, तो नंतरचा, तिसऱ्या शतकातील, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीचा. दान देणारी एक उपासिका, विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची मुलगी. तिने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली. कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे एक हजार, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचेही नाव त्यात आहे. बघा, विणकर, कुंभार, तेली यांच्या संघटनांवर त्या काळी राजाच्या जावयाचा विश्वास होता आणि एका बाईचाही. आज आपण ज्यांना बारा बलुतेदार-अलुतेदार म्हणून ओळखतो, त्यांच्यासारखेच हे कारागीर. त्यांच्या हातात पैसा सुरक्षित राहील, पिढ्यान्‌पिढ्या व्याज मिळत राहील, याची खात्री देणाऱ्यांना वाटत होती.

आणि राजे-क्षत्रप सोडा. ८ क्रमांकाचे लेणे मुगुदास नावाच्या माणसाने आपल्या परिवारासह दान दिले. त्याच्या नावामागचा शब्द 'दासक', त्याचा अर्थ विद्वान मासेमार असा लावतात. ६ क्रमांकात वीर नावाच्या व्यापारी गृहस्थाचे दान आहे. त्यात एक खोली त्याच्या बायकोची, नंदश्रीची, आणि एक मुलीची, पुरुषदत्तेची. नवऱ्याच्या नावाखाली बायकोचे दान झाकले नाही, कोणाची कोणती खोली ते वेगळे लिहिले. १७ क्रमांक उत्तरेकडून आलेल्या एका यवनाचा आहे, दात्तामित्रीचा रहिवासी इंद्राग्निदत्त. त्याच्या मुलाचे नाव धर्मरक्षित. परदेशी रक्ताचा माणूस इथे येतो, आईवडिलांच्या पुण्यासाठी लेणे आणि पाण्याच्या टाक्या देतो. १८ क्रमांक हे इथले एकमेव चैत्यगृह, आत स्तूप आहे. त्याच्या दाराच्या वर लिहिले आहे की हे धंभिक गावाचे दान. सगळ्या गावाने मिळून दिले. आपल्याकडे वस्तीने वर्गणी काढून स्लॅब टाकला, त्यातलाच प्रकार.

हे सगळे लेख प्राकृतात आहेत. संस्कृत फार थोडे. सरांनी एकेक शब्द मोठ्याने वाचला तेव्हा म्हाताऱ्या बायकासुद्धा माना डोलावू लागल्या. 'लेण' म्हणजे लेणे, 'गाम' म्हणजे गाव. भिक्खूच्या खोलीला 'ओवरक' म्हटले आहे, तीच आपली ओवरी. व्याजाला 'वढी', आपल्याकडे वाढीदिढीने धान्य देत असत ती हीच वाढ. पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हणत, हा शब्द मात्र आपण हरवून बसलो. मराठीचा इतिहास सांगताना लोक ज्ञानेश्वरीपासून नाहीतर श्रवणबेळगोळच्या शिलालेखापासून सुरुवात करतात. पण मराठीची आजी या ओसरीत बसली आहे आणि ती चीवराचा हिशेब सांगते आहे.

२० क्रमांकाची गोष्ट राहिलीच. हे लेणे बोपकी नावाच्या एका यतीने खोदायला घेतले होते. ते पुरे झाले नाही. पुष्कळ वर्षे तसेच पडून राहिले. पुढे यज्ञ सातकर्णी राजाच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासु हिने ते पूर्ण केले आणि संघाला राहायला दिले. तिने लेखात बोपकीचे नाव गाळले नाही. सुरुवात त्याची, पुरे मी केले, असे सरळ लिहिले. आपल्या विहाराचे बांधकाम किती वर्षे जोत्याशी थांबले होते आणि ते कोणाकोणाच्या हयातीत पुरे झाले नाही, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. म्हणून या लेण्यापाशी ती मंडळी जरा जास्त वेळ उभी राहिली.

नंतरच्या काळात याच लेण्यांमध्ये महायान पंथाच्या बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. २० क्रमांकात आत मोठी बुद्धमूर्ती आहे. पुढे संघ उठला. ११ क्रमांकात जैन मूर्ती आल्या. १० क्रमांकाच्या मागच्या भिंतीवर स्तूप कोरलेला होता, तो तासून त्याचा भैरव केला गेला. बाजूला नीट पाहिले तर जुन्या कामाच्या खुणा आजही ओळखू येतात.

त्याच नाशिक शहरात, या डोंगरापासून दहाएक किलोमीटरच्या आत, २ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्यापैकी काहींचे आजे त्यात होते. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेही याच जिल्ह्यात. ज्या मंदिराचा दरवाजा आपल्याला उघडत नव्हता, त्याच्यापासून इतक्या जवळ, मासेमार मुगुदासाचे नाव कोरलेले लेणे उघडे होते. त्या वेळी सत्याग्रहींपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? आज डोंगराच्या पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे आणि २०२३ साली तिथे श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची फांदी आणून लावली आहे. आम्ही तिथे त्रिसरण-पंचशील घेतले आणि जेवणाचे डबे सोडून इगतपुरीकडे निघालो.

इगतपुरी नाशिकहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. धम्मगिरी हे केंद्र १९७६ साली सुरू झाले. सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) हे बर्मात जन्मलेले मारवाडी व्यापारी. रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले. ऊ बा खिन स्वतः कोण होते तर स्वतंत्र बर्माचे अकाउंटंट जनरल, सरकारी हिशेबनीस! सकाळपासून हिशेबच ऐकत होतो म्हणून सगळे हसले. गोएंकाजी शिकू लागले ते १९५५ साल. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते.

सहलीच्या लोकांना साधनेच्या आवारात जाता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर काही जण नाराज होतात. आत शेकडो माणसे मौनात बसलेली असतात. पॅगोड्याचा कळस बाहेरून दिसतो. त्या पॅगोड्यात एकेकट्याने बसून ध्यान करण्यासाठी छोट्या छोट्या खोल्या आहेत, त्यांना शून्यागार म्हणतात. सकाळी ओवरक पाहिले होते, दगडी ओट्याचे, माणूस जेमतेम पाय पसरेल एवढे. त्या रिकाम्या होत्या. इथल्या भरलेल्या आहेत. रिकाम्या खोलीचा उपयोग काय होता ते इथे आल्यावर पोरांना बरोबर कळले.

इथलीही व्यवस्था दानावरच आहे. दहा दिवसांच्या शिबिराला, राहण्या-जेवण्याला पैसे घेत नाहीत. आणि दान घेतात तेही ज्याने एक शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच. येईल त्याच्याकडून नाही. आधीच्याने दिलेल्यावर पुढचा बसतो. इथल्याच विपश्यना विशोधन विन्यासाने पालि तिपिटक अट्ठकथांसह देवनागरीत छापले, हे काम फार मोठे आहे. आपल्या विहारातल्या कपाटात त्यातले काही खंड असावेत असे मला वाटते.

आपल्या चळवळीतील काही कार्यकर्त्यांना विपश्यना पसंत नाही. डोळे मिटून बसल्याने अन्याय दूर होत नाही, बाबासाहेबांचा धम्म समाज बदलण्यासाठी आहे, असे ते म्हणतात. परतीच्या बसमध्ये यावर कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत कडाक्याचा वाद झाला. माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंनी त्रिरश्मीचा हिशेब आठवावा. त्या ओवरकात डोळे मिटून बसणारा भिक्खू होता म्हणून विणकरांनी व्याज दिले, आणि विणकरांनी व्याज दिले म्हणून तो बसू शकला. वर्षावास संपला की तोच भिक्खू गावोगाव चालत जाई. वाद मिटला नाही, पण दोन तरुणांनी दहा दिवसांच्या शिबिराचे अर्ज भरायचे ठरवले आणि लहान मुलांच्या एक दिवसाच्या आनापान वर्गाची चौकशी महिला मंडळाने सुरू केली आहे.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. लेण्यात अंधार असतो, बॅटरी न्यावी. ऊन तिरपे असते तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर, अक्षरे स्पष्ट उठतात. मेणबत्ती-अगरबत्ती आत लावू नये, धुराने लेख काळे पडतात. वंदना बाहेर ओसरीत घ्यावी. अक्षरांवर खडू फिरवू नये. आणि कोणी आपले नाव भिंतीवर कोरू लागला तर त्याला तिथेच थांबवावे.

पुढच्या सहलीत कार्ल्याचे लेणे पाहायचे ठरत आहे. तिथल्या चैत्यगृहाचे खांबच्या खांब यवनांनी दिलेले आहेत, आणि उषवदाताचे नाव तिथेही भेटते, कारण तिथल्या भिक्खूंसाठी त्याने करजिक नावाचे गाव दिले होते. ज्यांना यायचे आहे त्यांनी महिला मंडळाकडे नाव नोंदवावे.